हार्ट अटॅकनंतर स्टेम सेल थेरपी: पैसे भरण्याआधी नवा इको करा

आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ५९ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी मोठा हार्ट अटॅक आला, गावाकडून हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत सहा तास गेले. एलएडीमध्ये एक स्टेंट बसवला. डिस्चार्जच्या कागदावर ईएफ, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा, ३० टक्के. त्यानंतर इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला नाही. एक मजला चढला की अजून दम लागतो. आता एका सेंटरमध्ये सांगितलं आहे की कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशी) हृदयात सोडायच्या, म्हणजे मेलेला स्नायू परत तयार होतो आणि ईएफ ४५ च्या वर जातो. खर्च काही लाखांत, तारीख पुढच्या महिन्याची. करावं का? आणि जोडीला दुसरा प्रश्न: धाकट्या भावाकडे पाळणा हलणार आहे, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवलं तर आजोबांना त्याचा उपयोग होईल का?

पैसे भरून ही थेरपी करू नका. का, ते समजून घ्यायला थोडा वेळ द्या, कारण घरात कोणीतरी नक्की म्हणेल, "अहो, नुकसान तर काही नाही ना, करून बघू." त्यांना सांगण्याजोगं काहीतरी तुमच्या हातात हवं.

आधी स्नायूचं काय होतं ते पाहू. माणसाच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात ढोबळमानाने दोनशे ते चारशे कोटी स्नायूपेशी असतात. एलएडी म्हणजे पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी. ती बंद झाली की आतल्या थरापासून पेशी मरायला लागतात आणि ते मरण बाहेरच्या थराकडे सरकत जातं. मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींपर्यंत पेशी जाऊ शकतात. त्यांच्या जागी पुढच्या काही आठवड्यांत चिवट व्रण तयार होतो. हा व्रण आकुंचन पावत नाही, पण भिंत फाटू देत नाही, हेही काम मोठंच आहे. कातडी किंवा यकृत जसं भरून येतं तसं हृदय का भरून येत नाही, हे लोक नेहमी विचारतात. थोडं येतं, पण फारच थोडं. २००९ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी हे फार हुशारीने मोजलं. शीतयुद्धाच्या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो माणसांच्या पेशींच्या डीएनएमध्ये किती शिरला आहे त्यावरून त्यांनी स्नायूपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. या वेगाने शंभर कोटींची भरपाई होणं शक्य नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. अटॅकनंतर जो स्नायू हलत नाही तो सगळाच मेलेला नसतो. काही भाग सुन्न झालेला असतो: रक्त परत सुरू झालेलं असतं, पेशी जिवंत असतात, पण धक्क्यातून सावरायला त्यांना दिवस, कधी आठवडे लागतात. काही भाग रक्त कमी मिळतंय म्हणून काम आखडतं घेऊन पडून राहिलेला असतो. त्याला रक्त मिळालं तर तोही पुढे कामाला लागू शकतो. डिस्चार्जच्या वेळचा ३० हा आकडा या तिन्हींची बेरीज आहे: मेलेला, सुन्न आणि आखडलेला. तुमच्या वडिलांचा ईएफ आज किती आहे हे कोणालाच माहीत नाही, कारण चार महिन्यांत कोणी पाहिलेलंच नाही. समजा तो आज आपोआप आणि औषधांनी ३८ झालेला आहे. पुढच्या महिन्यात स्टेम सेल सोडल्या, तीन महिन्यांनी इको केला आणि ४० आला, तर फाईलवर काय लिहिलं जाईल? "आधी ३०, नंतर ४०." खरं म्हणजे त्या थेरपीचं खातं जेमतेम दोनचं, आणि ते दोनही इकोच्या चुकभूलीत बसतात.

अशा फाईली माझ्या टेबलावर येत असतात. एकदा आलेली फाईल चांगली लक्षात आहे. त्यात आधीचा इको अटॅकनंतर तिसऱ्या दिवशीचा, पेशंट आयसीयूत आडवा, घाईत काढलेला. नंतरचा इको पाच महिन्यांनी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या मशीनवर. मधे स्टेम सेल. दोन्ही रिपोर्टवर ईएफच्या आकड्याला पिवळा हायलायटर मारलेला. मधल्या पाच महिन्यांत त्या गृहस्थांनी बीटा ब्लॉकर, स्टॅटिन, बाकीच्या गोळ्या नेमाने घेतल्या होत्या, तंबाखू सोडली होती, त्याला मात्र कुठे हायलायटर नव्हता.

ईएफ कसा मोजतात तेही सांगतो, म्हणजे दोनचार आकड्यांच्या फरकावर कोणी तुम्हाला खेळवणार नाही. डाव्या कुशीवर झोपवून प्रोब छातीच्या टोकाशी धरतात. पडद्यावर डावा कप्पा दिसतो. पूर्ण भरलेला असतानाचं चित्र थांबवून त्याची आतली कड हाताने गिरवायची, मग पूर्ण आकुंचन झाल्यावरची कड गिरवायची, बाकी हिशोब मशीन करतं. कड स्पष्ट दिसली नाही की अंदाजाने गिरवली जाते. प्रोब जरा वर धरला गेला तर कप्प्याचं टोक कापलं जातं, आणि एलएडीच्या अटॅकमध्ये नेमकं टोकच बिघडलेलं असतं. ते चित्रातून गेलं की ईएफ आपोआप चांगला दिसतो. एकाच दिवशी दोन चांगल्या डॉक्टरांनी मोजला तरी पाच टक्क्यांचा फरक येऊ शकतो. आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मोजतही नाहीत, नजरेने "३० ते ३५" असं लिहून टाकतात. मीही गर्दीच्या ओपीडीत तसं लिहितो. रोजच्या कामाला ते चालतं, पण लाखो रुपयांचा निर्णय त्यावर घ्यायला चालत नाही.

म्हणूनच अशा उपचाराचा निकाल लावायला तुलनेचा गट लागतो: तेच पेशंट, तीच औषधं, तोच स्टेंट, फक्त पेशी दिलेल्या नाहीत. जर्मनीत हॅनोव्हरला ६० पेशंटवर असा अभ्यास झाला, २००४ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी मज्जापेशी दिलेल्या गटाचा ईएफ ६.७ अंकांनी वाढला, न दिलेल्या गटाचा ०.७ ने. सगळीकडे उत्साह पसरला. अठरा महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा दोन गटांतला फरक सांगण्यासारखा राहिला नव्हता. ज्यांना पेशी दिल्या नव्हत्या त्यांनीही हळूहळू अंतर भरून काढलं होतं. २००६ साली जर्मनीतल्याच दुसऱ्या, २०४ पेशंटच्या अभ्यासात पेशींच्या गटाची वाढ ५.५ आणि नुसतं द्रव सोडलेल्या गटाची ३.० आली. फरक अडीचाचा. त्याच सुमारास नॉर्वेतल्या १०० पेशंटच्या अभ्यासात काहीच फरक आढळला नाही. आपल्या देशातही पाच केंद्रांत मिळून २५० पेशंटवर चाचणी झाली, त्यातही एकूण ईएफमध्ये फायदा दिसला नाही.

२०१४ साली लंडनच्या एका गटाने जे केलं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्यांनी ४९ चाचण्यांचे निबंध बारकाईने तपासले आणि त्यातल्या विसंगती मोजल्या: बेरजा न जुळणं, एकच पेशंट दोन ठिकाणी वेगळा दिसणं, टक्केवारी अशक्य असणं. सहाशेच्या वर विसंगती निघाल्या. मग त्यांनी ईएफमधला फायदा आणि चुकांची संख्या शेजारी मांडली. ज्या निबंधात चुका जास्त, त्यात फायदा जास्त. ज्यात एकही चूक नव्हती, त्यात फायदा शून्याच्या आसपास.

ईएफ जाऊ दे, माणूस जगतो का ते बघा, असंही कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी युरोपात मोठी चाचणी आखली गेली. तीन हजार पेशंट घ्यायचे ठरले होते, प्रत्यक्षात ३७५ च मिळाले. २०२० साली निकाल आला: दोन वर्षांत पेशी दिलेल्यांत मृत्यू ३.२६ टक्के, न दिलेल्यांत ३.८२. एवढ्या थोड्या पेशंटांत या फरकावरून काहीच म्हणता येत नाही. मला त्यात दुसरंच दिसतं. वेळेवर अँजिओप्लास्टी आणि नीट औषधं मिळाली तर आज दोन वर्षांत चार टक्केही मरत नाहीत. त्यावर आणखी भर घालून दाखवणं हे कोणत्याही नव्या उपचाराला अवघड आहे.

पेशी जातात कुठे? ही प्रक्रिया मुळात साधी आहे. कमरेच्या हाडात जाड सुई घालून साधारण ५० मिली मज्जा ओढतात. लॅबमध्ये फिरवून हव्या त्या पेशी वेगळ्या काढतात. मग अँजिओग्राफीसारखीच नळी घालून, स्टेंटच्या जागी फुगा तीनेक मिनिटं फुगवून रक्तप्रवाह थांबवतात आणि पुढे पेशी सोडतात; असं दोनतीन वेळा. त्या २०४ पेशंटच्या अभ्यासात सरासरी २३ कोटींच्या वर पेशी सोडल्या होत्या. ऐकायला भरपूर वाटतात. पण हॅनोव्हरच्याच गटाने पेशींना किरणोत्सारी खूण लावून नंतर स्कॅन केलं तेव्हा साध्या मज्जापेशींपैकी हृदयात सापडल्या १.३ ते २.६ टक्के. बाकीच्या यकृतात आणि प्लीहेत. ज्या राहतात त्याही फार दिवस टिकत नाहीत, आणि स्नायू तर होतच नाहीत.

मग "स्नायू होतो" हे आलं कुठून? २००१ साली अमेरिकेतून उंदरांवरचा एक निबंध आला. पिएरो अनवर्सा यांचा गट. मज्जेतल्या विशिष्ट पेशी टोचल्या की मेलेल्या भागात नवा स्नायू उगवतो, असा दावा. त्याच्या भरवशावर वर्षा-दोन वर्षांत माणसांवर प्रयोग सुरूही झाले, म्हणजे दावा दुसऱ्या कोणी तपासून बघण्याआधीच. २००४ साली दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला. टोचलेल्या पेशी रक्ताच्याच पेशी राहिल्या, स्नायू झालेली त्यांना सापडली नाही. तोवर अनवर्सा यांनी हृदयातच स्टेम सेल असतात असा नवा दावा मांडला होता आणि त्यावर मानवी चाचणीही झाली. २०१८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि तिथल्या ब्रिगहॅम हॉस्पिटलने, खोट्या किंवा फेरफार केलेल्या माहितीचं कारण देऊन, त्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत असं नियतकालिकांना कळवलं. हृदयातल्या स्टेम सेलच्या त्या मानवी चाचणीचा निबंधही २०१९ साली मागे घेतला गेला. सेंटरच्या रंगीत पुस्तिकेत जे चित्र असतं, पेशी टोचली, बाण काढला, गुलाबी स्नायू तयार, त्याचं मूळ इथे आहे. मूळ कधीच उपटलं गेलं, चित्र तेवढं छापलं जातंय.

यावर नेहमीचं उत्तर असतं की पेशी स्वतः स्नायू होत नसल्या तरी काही द्रव्यं सोडतात, त्याने बरं वाटतं. हे निदान तपासण्याजोगं होतं, आणि सिनसिनाटीच्या एका प्रयोगशाळेने तपासलं. २०२० सालचा निबंध आहे. अटॅक आणलेल्या उंदरांच्या हृदयात जिवंत पेशी टोचल्या: थोडी सुधारणा झाली. मुद्दाम मारून टाकलेल्या पेशी टोचल्या: तेवढीच सुधारणा. यीस्टच्या पेशीभित्तिकेतलं, दाह निर्माण करणारं एक द्रव्य टोचलं: पुन्हा तेच. टोचल्यामुळे होणाऱ्या दाहाने व्रणाची वीण थोडी सुधारत असावी. स्टेम सेलचं त्यात स्वतंत्र श्रेय दिसलं नाही.

हे वाचताना मला परळच्या केईएममधले डॉ. पी. के. सेन आठवले. १९६८ च्या फेब्रुवारीत, जगातलं पहिलं हृदयारोपण होऊन तीन महिनेही झाले नसताना, मुंबईत हृदयारोपणाचा प्रयत्न करणारे ते सर्जन. त्याच्याआधी, १९६५ साली, त्यांनी एक वेगळीच कल्पना मांडली होती. सापाच्या हृदयाच्या स्नायूला बरंचसं रक्त थेट कप्प्यातून, भिंतीतल्या पोकळ्यांतून मिळतं. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रं पाडली तर? छिद्रं बुजायची. पुढे हेच काम लेझरने सुरू झालं, अमेरिकेत त्याला परवानगीही मिळाली, पेशंट सांगायचे की छातीतलं दुखणं कमी झालं. मग २००५ साली कॅथेटरने करायच्या लेझरची खोट्या उपचाराशी तुलना झाली. पेशंटला गुंगीत ठेवून काहींवर लेझर चालवला, काहींवर नाही, आणि कोणावर चालवला ते त्यांना सांगितलं नाही. दोन्ही गटांना जवळजवळ सारखंच बरं वाटलं. सेन यांची कल्पकता थोरच होती. पण हृदयावर काहीतरी केलं गेलं आहे या जाणिवेनेच माणसाला किती बरं वाटतं, हे या प्रकरणातून शिकावं. तुमच्या वडिलांनाही वाटेल, आणि ते खोटं बोलत नसतील.

नुकसान काही नाही, हे मात्र खरं नाही. अनुभवी हातात मज्जेच्या पेशींची प्रक्रिया बऱ्यापैकी सुरक्षित ठरली आहे, हे मान्य. पण त्यासाठी पुन्हा अँजिओग्राफी, चार महिन्यांच्या ताज्या स्टेंटमध्ये पुन्हा फुगा, पुन्हा डाय, आणि कोणी त्या धांदलीत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चार दिवस बंद केल्या तर स्टेंट बंद होण्याचा धोका. काही ठिकाणी कॅथेटर डाव्या कप्प्यात नेऊन भिंतीत टोचतात. एलएडीच्या मोठ्या अटॅकनंतर कप्प्याच्या टोकाशी गुठळी असू शकते; तिला कॅथेटर लागला तर ती सुटून मेंदूत जाऊ शकते. पायाच्या स्नायूतल्या पेशी हृदयात टोचण्याचा प्रयोग पॅरिसला २००० साली सुरू झाला होता. त्यात हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडण्याचं प्रमाण चिंताजनक निघालं आणि फायदा सिद्ध झाला नाही.

मी या विषयावर पाणी सोडलेलं नाही. खरं काम चालू आहे, ते वेगळ्या पेशींचं. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या पेशी मागे फिरवून, कुठल्याही अवयवाच्या होऊ शकतील अशा अवस्थेत नेल्या. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. या आयपीएस पेशींपासून प्रयोगशाळेत खराखुरा, धडधडणारा हृदयस्नायू करता येतो. ओसाकाला योशिकी सावा यांच्या गटाने २०२० च्या जानेवारीत अशा स्नायूचे पातळ पापुद्रे पहिल्यांदा पेशंटच्या हृदयावर बसवले. जर्मनीत ग्योटिंगनला कोलॅजनमध्ये पेशी वाढवून स्नायूची ठिगळं केली जातात. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी माकडांवरचे निष्कर्ष आणि एका ४६ वर्षांच्या बाईंची हकिगत प्रसिद्ध केली. ठिगळात चाळीस कोटी पेशी होत्या. तीन महिन्यांनी बाईंना दात्याचं हृदय मिळालं, आणि काढलेलं जुनं हृदय तपासलं तेव्हा ठिगळातला स्नायू टिकलेला आणि त्यात रक्तवाहिन्या शिरलेल्या दिसल्या. हे पाहून मला खरंच आनंद झाला. यात "टिकला का" या प्रश्नाला सूक्ष्मदर्शकाखालचं उत्तर आहे, हायलायटर मारलेला आकडा नाही.

तिथेही अडचणी कमी नाहीत. पेशी परक्याच्या, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. शिवाय नवा स्नायू कोवळा असतो आणि स्वतःच्या तालाने धडधडतो. गणपतीच्या ढोलपथकात वीस नवखी पोरं मधेच उभी करून प्रत्येकाने आपापला ठेका धरला तर जे होईल ते हृदयात होतं. माकडांच्या भिंतीत अशा पेशी टोचल्यावर पहिले काही आठवडे ठोके वेडेवाकडे झाले होते. यावर उपाय शोधले जात आहेत. आणि जपानचाच एक धडाही आहे: तिथे पायाच्या स्नायूपेशींच्या पापुद्र्यांना २०१५ साली तात्पुरती परवानगी दिली होती, ठरलेल्या मुदतीत परिणाम दाखवता आला नाही, आणि २०२४ मध्ये ते उत्पादन बाजारातून गेलं. तुम्हाला देऊ केलेली थेरपी या नव्या कामापैकी नाही. ती वीस वर्षांपूर्वीची मज्जा आहे.

कायद्याचं म्हणाल तर आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठीचं मज्जा-प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. बर्जर्स डिसीजमधल्या पायांच्या खराब रक्ताभिसरणासाठी बंगळुरूच्या एका पेशी-उत्पादनाला औषध म्हणून मर्यादित परवानगी आहे. हृदयासाठी देशात मान्य अशी स्टेम सेल थेरपी नाही. द्यायची असेल तर रीतसर चाचणीतच. चाचणी ओळखायची खूण सोपी आहे: चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. उलट चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांनी द्यायची असते. "आमचं सीटीआरआयवर रजिस्ट्रेशन आहे" असं सांगतील. सीटीआरआय ही देशातल्या चाचण्यांची नोंदवही आहे, तिथे नाव असणं म्हणजे परवानगी नव्हे. सीडीएससीओचं (केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण संस्थेचं) परवानगीपत्र आणि एथिक्स कमिटीची मंजुरी मागा, आणि तुलनेचा गट कोणता ते विचारा. तुलनेचा गटच नाही असं उत्तर आलं तर उठून या.

आता करायचं काय. तुम्ही गोळ्यांची यादी पाठवली आहे: ॲस्पिरिन, टिकाग्रेलोर, ॲटॉर्वास्टॅटिन, रामिप्रिल २.५, मेटोप्रोलोल २५. स्टेंटसाठी ठीक आहे. पण पंपिंग कमी झालेल्या हृदयासाठी आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात, आणि त्यातली दोनच इथे आहेत, तीही सुरुवातीच्या डोसवर अडकलेली. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन नाही. ही गोळी मधुमेहाची म्हणून आली, पण २०१९ आणि २०२० च्या मोठ्या चाचण्यांत मधुमेह नसलेल्यांनाही हृदय कमजोर असताना तिचा स्पष्ट फायदा दिसला. रामिप्रिलच्या जागी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन देता येईल का हेही विचारा. २०१४ च्या चाचणीत त्याने जुन्या पद्धतीच्या औषधापेक्षा मृत्यू किंवा ॲडमिशनचं प्रमाण पाचव्या हिश्शाने कमी केलं होतं. या गोळ्यांचे जेनेरिक आता मिळतात. मात्र माझं वाचून दुकानातून आणू नका. रामिप्रिल थांबवल्यावर ३६ तास जाऊ न देता ते नवं औषध घेतलं तर चेहरा-घसा सुजून जिवावर बेतू शकतं. स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढतं, म्हणून सुरू केल्यावर आठवड्याभरात आणि पुन्हा महिन्याने क्रिएटिनिन-पोटॅशियम तपासावं लागतं. तुमच्या कार्डिओलॉजिस्टना सरळ विचारा: "चारही औषधं बाबांना का नाहीत, आणि डोस कधी वाढवायचा?" बीपी कमी राहतं, किडनी नाजूक आहे, असं खरं कारण असू शकतं. पण बऱ्याचदा कारण एवढंच असतं की डिस्चार्जची चिठ्ठी जशीच्या तशी पुढे चालू राहिली.

इको या आठवड्यात करून घ्या. ईएफ हाताने गिरवून मोजायला सांगा, टोकाशी गुठळी आहे का ते मुद्दाम पाहायला सांगा, आणि शक्य तर पुढचे इकोही त्याच ठिकाणी करा. ईएफ ३५ किंवा खाली असेल तर औषधं पूर्ण डोसवर नेऊन तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचा. तरीही ३५ च्या वर गेला नाही, तर आयसीडीचा, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले की आतूनच शॉक देणाऱ्या, छातीत बसवायच्या यंत्राचा विचार करावा लागतो. कमजोर हृदयाची बरीच माणसं दम लागून जात नाहीत, अचानक ठोके बिघडून जातात, आणि आयसीडी नेमकं तेच थांबवतो. याचा खर्च मोठा आहे. स्टेम सेलसाठी बाजूला काढलेले पैसे हातचे राखा ते यासाठी. ईसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्लॉक (ठोक्याचा विजेचा संदेश त्या बाजूला अडणं) असेल तर वेगळ्या पद्धतीचा पेसमेकर लागू पडतो, तोही प्रश्न विचारून ठेवा. दुसऱ्या वाहिन्यांत अरुंदपणा राहिला असेल तर एमआरआय करून किती स्नायू जिवंत आहे ते पाहता येतं.

दम लागण्याबद्दल: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायला लावा आणि वहीत लिहा. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, फोन करा. लोणचं, पापड, फरसाण बंद. देखरेखीखालचा व्यायाम जवळ कुठे मिळत असेल तर जरूर लावा. नसेल तर सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्याच वेगाने चालणं, आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवत. जिन्यावरचा दम यानेच कमी होतो असा माझा अनुभव आहे.

नाळेच्या रक्ताचं उत्तर छोटं आहे. त्यातल्या स्टेम सेल रक्त तयार करणाऱ्या असतात, आणि रक्ताच्या काही आजारांत त्यांचा खरा उपयोग होतो. आजोबांच्या हृदयाला त्यातून काही मिळणार नाही. बँकेचा माणूस "संपूर्ण कुटुंबाला कव्हर" असं म्हणाला तर कोणत्या आजारासाठी, किती जणांना आजवर वापरलं, ते लेखी मागा. भावाच्या घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा तसा रक्ताचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हिमॅटॉलॉजिस्टशी (रक्तविकारतज्ज्ञांशी) बोलून ठरवा.

नवा इको झाला की रिपोर्ट आणि ईसीजी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि सेंटरची पुढच्या महिन्याची तारीख आजच फोन करून रद्द करा. आगाऊ रक्कम भरली असेल तर ती लेखी अर्ज देऊन परत मागा.